प्रवासी फणसाची भावंडं

तीन वर्षांमागे एका पुष्पप्रदर्शनात मी पहिल्यांदा ‘एअर प्लांट’ विकत घेतलं. मुठीएवढं रोप, करड्या-हिरव्या पानांचं, कोळ्यासारखे पाय पसरून बसलेलं. मुळं जवळजवळ नाहीतच. एका शंखात चिकटवून ठेवलं होतं. स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, “काकू, ह्याला माती नको, पाणी नको. नुसती हवा. मरतच नाही बघा.” किंमत साडेतीनशे. मी म्हटलं, शंख नको, त्यात कुणीतरी जीव राहून गेलेला असतो. त्यानं नवलानं माझ्याकडं पाहिलं आणि रोप सुटं करून कागदात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. “मुळंच नाहीत तर झाड कसलं गं हे? पण बरं आहे, कंदमुळाची भानगड नाही,” म्हणाल्या. आम्ही सगळ्या हसलो. आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून होतं. ते चिंचेनं घासून लख्ख केलं आणि रोप त्यात मांडलं. पहिले पंधरा दिवस पाणी दिलंच नाही. पानं आत वळायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, पाण्यात बुडवून ठेव. मग त्याच घंगाळात पाणी भरून एक दिवसाआड बुडवू लागले. दीड महिन्यात बुडखा काळा पडला आणि एके सकाळी मधली पानं अलगद हातात आली.

झाडं घरात मरतातच, त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण आपल्या घरात लहानपणापासून वनस्पतिकाय जीव, एकेंद्रिय जीव हे शब्द कानावर पडलेले असतात. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी चिरत नाही. मग हौसेखातर पैसे देऊन एक जीव घरी आणायचा आणि अज्ञानानं मारायचा, हे मनाला लागलं. ते कशानं मेलं हे शोधायला बसले आणि शोधता शोधता पाचशे वर्षं मागं गेले. मिळालं ते इथं सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणी हल्ली ही झाडं घेतात, त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कळली ती ही, की या झाडांचं कूळ आपल्या घरात आधीपासूनच आहे. एअर प्लांट काय, नर्सरीत लाल-पिवळ्या तुऱ्याचं मिळणारं ग्युझमानिया काय, ही सगळी ब्रोमेलियाड कुळातली. आणि या कुळातला सर्वांत मोठा असामी म्हणजे अननस! बेळगावात लग्नाच्या पंगतीला शिऱ्यात ज्याच्या फोडी पडतात तोच. अननसाच्या पानांची गुलाबाच्या पाकळ्यांसारखी चक्राकार मांडणी बघा आणि शेजारी ग्युझमानिया ठेवा. भावंडं आहेत हे सांगावं लागत नाही.

या कुळात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातली एक सोडली तर बाकी सगळ्या अमेरिका खंडातल्या. ती एकटी पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या खडकांवर सापडते. आपल्या सह्याद्रीत या कुळाचं एकही झाड निसर्गतः नाही. तेव्हा आपल्याकडे दिसणारं प्रत्येक ब्रोमेलियाड हे कुणीतरी आणलेलं, दिलेलं किंवा विकलेलं आहे.

पहिला आला अननस. कोलंबसाच्या माणसांनी तो १४९३ साली, दुसऱ्या सफरीत, ग्वाडेलूप बेटावर पाहिला. दक्षिण अमेरिकेतले मूळचे रहिवासी त्याला ‘नाना’ म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचं ‘अनानास’ केलं आणि तेच नाव ते ब्राझीलहून इकडे घेऊन आले. मराठीत अननस, कन्नडमध्ये अनानस, हिंदीत अनन्नास. फळासोबत नावही जहाजातून उतरलं. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्स्खोटेन याच्या प्रवासवर्णनात अननसाची हकीकत आहे. म्हणजे तोवर गोव्यात तो ओळखीचा झाला होता.

पण मला सगळ्यांत गंमत वाटली ती अकबराच्या दरबारातली. अबुल फजलच्या ‘ऐने अकबरी’मध्ये, ज्या ग्रंथात आपल्या जैन मतावरही स्वतंत्र प्रकरण आहे आणि हीरविजय सूरींचं नावही आहे, त्यात फळांच्या भावांची यादी दिली आहे. त्यात अननस आहे. एकाला चार दाम. चाळीस दामांचा रुपया, म्हणजे रुपयाला दहा. त्याच यादीत आंब्याचा भाव शेकड्याला चाळीस दामांपर्यंत. एका अननसाच्या पैशात दहा आंबे! आणि अबुल फजल त्याचं दुसरं नाव देतो, ‘कटहल-ए-सफरी’, प्रवासी फणस. का, तर त्याची लहान रोपं भांड्यात लावून प्रवासाला बरोबर नेता येतात आणि ती फळही देतात.

वाचून मी थबकले. चारशे वर्षांपूर्वी आपल्या देशात ब्रोमेलियाड कुंडीत लावून मिरवलं जात होतं. आपण आज बाल्कनीत जे करतो तेच बादशहाच्या छावणीत चाललं होतं! पुढे जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांतून येतं आणि आता आग्र्याच्या गुलअफशान बागेत दर वर्षी हजारोंनी पिकतं.

युरोपात मात्र त्याला थंडीनं जगू दिलं नाही. तिथं अननस पिकवणं हा श्रीमंतांचा खेळ झाला. हॉलंडमध्ये आग्नेटा ब्लॉक नावाची बाई होती. तिनं आपल्या बागेत १६८७ साली अननसाला फळ आणलं. युरोपात हे करणारी ती पहिली असं मानतात. पुढे तिच्या सन्मानाचं पदक निघालं, त्यावरही अननस आहे. नवऱ्याच्या किंवा राजाच्या नावानं इतिहासात राहिलेल्या बायका पुष्कळ, पण कुंडीतल्या झाडामुळं राहिलेली ही एक! नंतर इंग्लंडात अननसासाठी काचेची घरं बांधली, ती ऊबदार ठेवायला कातडी कमावून उरलेल्या झाडाच्या सालींचा ढीग लावत. साल कुजताना ऊब सुटते. एकेका फळाला इतका खर्च यायचा की मेजवानीत नुसतं टेबलावर शोभेला ठेवायला अननस भाड्यानं मिळे. आपल्याकडे लग्नात दागिने भाड्यानं आणतात, तसंच.

आता नावांकडे वळते, कारण माझ्या मेलेल्या झाडाचा अर्धा दोष या नावात आहे.

शार्ल प्लुमिए नावाचे एक फ्रेंच साधू होते. सतराव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी केल्या आणि तिथल्या वनस्पती चितारल्या. त्यांनी एका झाडाला ओलोफ ब्रोमेलियुस या स्वीडनच्या वैद्याचं नाव दिलं, ‘ब्रोमेलिया’. त्यावरून सगळ्या कुळाचं नाव पडलं. या प्लुमिएंचं स्वतःचं नावही एका झाडाला मिळालं आहे आणि ते झाड तुम्ही रोज बघता. प्लुमेरिया, म्हणजे आपला पांढरा चाफा! बस्तीच्या आवारात, कट्ट्याला लागून, फुलं गाळत उभा असतो तो. तोही मूळचा अमेरिकेतलाच. आपल्याला वाटतं तो तीर्थंकरांच्या काळापासून तिथंच आहे.

दुसरं नाव ‘टिलँडसिया’. एअर प्लांट म्हणून जी विकतात ती बहुतेक या गणातली. लिनियसनं हे नाव एलियास तिलांड्स या वैद्यावरून ठेवलं. तिलांड्स आत्ताच्या फिनलंडमधल्या तुर्कू शहरात प्राध्यापक होते. त्यांची गोष्ट अशी सांगतात, की विद्यार्थीदशेत तुर्कू ते स्टॉकहोम असा समुद्रप्रवास करताना त्यांना बोट इतकी लागली की परतताना ते पाण्यात पाऊल टाकेनात. आखाताला वळसा घालून सारा लांबचा रस्ता जमिनीवरून पार केला. तिलांड्स या आडनावाचा अर्थही ‘जमिनीवरून’ असाच. लिनियसला वाटलं, ही झाडं पाण्यापासून दूर, फांद्यांवर कोरडी बसलेली दिसतात, यांनाही त्या वैद्यासारखी पाण्याची भीती असणार. म्हणून हे नाव.

गोष्ट गोड आहे, पण समजूत चुकीची. ही झाडं पाणी पितात, फक्त मुळांनी नाही, पानांनी. पानांवर जी करडी पावडर दिसते ती पावडर नव्हे, बारीक खवले आहेत. पाऊस किंवा दव पडलं की ते पाणी शोषून घेतात. मुळं नुसती फांदी धरून ठेवायला. झाडाचं रक्त पिणारं बांडगूळ वेगळं आणि हे वेगळं. हे यजमानाकडून आधाराशिवाय काही घेत नाही. अशांना मराठीत ‘अपिवनस्पती’ म्हणतात. आपल्या घाटातलं सीतेची वेणी नावाचं ऑर्किड असंच राहतं. तेव्हा “पाणी नको, नुसती हवा” हे त्या स्टॉलवरच्या पोरानं मला सांगितलं ते अडीचशे वर्षांपूर्वी लिनियसच्याही डोक्यात होतं. त्या पोराला काय बोल लावायचा?

यांची आणखी एक तऱ्हा. बहुतेक एअर प्लांट दिवसा पानांची रंध्रं मिटून बसतात, उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून. रात्री ती उघडतात आणि हवेतला कार्बन वायू आत घेऊन साठवतात. मी घरात सांगितलं, सूर्यास्तानंतर जेवणारं आपल्या घरात हे एकटंच आहे. सासूबाई म्हणाल्या, “त्याला म्हणावं, निदान चातुर्मासात तरी सोड.”

अननस एकटा आला, पण त्याची बाकीची भावंडं बाजारात आली ती एका डॉक्टरच्या बाटलीमुळं. लंडनच्या नथानिएल वॉर्ड यांनी १८२९च्या सुमाराला पतंगाचा कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. काही दिवसांनी पाहतात तर मातीतून आपोआप नेचा आणि गवत उगवलेलं. धुरानं काळ्या झालेल्या शहरात नेचा कधी जगायचा नाही, तो बाटलीत जगला. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ साली अशा दोन पेट्या जहाजाच्या डेकवरून सिडनीला गेल्या. झाडं जिवंत पोचली, आणि तिकडची झाडं परत लंडनला जिवंत आली. त्याआधी खारं वारं लागून बहुतेक रोपं वाटेतच मरत. या पेटीनं जग बदललं. चीनचा चहा आपल्या देशात आला तो याच पेट्यांतून, आणि हिवतापावरच्या कोयनेलीचा सिंकोना निलगिरीत आला तोही. ब्राझीलच्या रानातली ब्रोमेलियाडं लिएज आणि गेंट या बेल्जियमच्या गावांत पोचली. लिएजचे प्राध्यापक एदुआर मॉरेन यांनी तर आयुष्य या कुळाला वाहिलं, शेकडो जाती जमवल्या, चितारून घेतल्या.

इथवर वाचायला छान वाटतं. पण पेटीला दुसरी बाजू आहे. रोप जिवंत पोचतं म्हटल्यावर रोपाला भाव आला, आणि भाव आला म्हटल्यावर रानावर कुऱ्हाड आली. फांद्यांवर राहणारी झाडं काढायची तर सरळ वृक्षच पाडायचा. अल्बर्ट मिलिकन नावाच्या ऑर्किडशिकाऱ्यानं १८९१ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, दहा हजार ऑर्किडं गोळा करायला त्याच्या माणसांनी कोलंबियात चार हजार झाडं तोडली. त्याला यात काही गैर वाटलं नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं आहे. एका झाडामागं अडीच रोपं. त्यातली किती वाटेत कुजली असतील ती वेगळीच. कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीसाठी हे चाललं होतं. माझं एक रोप मेलं म्हणून मी रडत होते. त्या चार हजार झाडांवर घरटी किती असतील, मुंग्या किती, याचा विचार करून त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि आता माझ्या झाडाच्या मरणाचं खरं कारण. ते मला त्रिनिदाद बेटाच्या इतिहासात सापडलं.

त्रिनिदादला कोकोचे मळे होते. उसाच्या आणि कोकोच्या मळ्यांवर राबायला १८४५ पासून १९१७ पर्यंत आपल्याकडून गिरमिटिया मजूर नेले जात. कोकोला सावली लागते म्हणून मळेवाल्यांनी उंच झाडं लावली होती, आपल्या पांगाऱ्याच्याच गणातली. त्या झाडांवर ब्रोमेलियाडांची दाटी झाली. या जातीच्या पानांच्या बुडाशी पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं. त्या पेल्यांत एक जातीचा डास अंडी घालू लागला आणि त्यानं मळ्यांत हिवताप पसरवला. डबकी बुजवून उपयोग होईना, कारण डबकी डोक्यावर होती! कॉलिन पिटेंड्रिग या शास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात या डासांचा तिथं बारकाईनं अभ्यास केला. आणि उपाय काय केला, तर त्या झाडांवर मोरचुदाचं पाणी फवारलं. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. पांगारा वाचला, कोको वाचला, ब्रोमेलियाडं मेली. तांबं या कुळाला विष आहे.

मी वाचलं आणि उठून माळ्याखाली गेले. चिंचेनं लख्ख केलेलं घंगाळ तिथं चमकत होतं. शुद्ध, आरोग्याला चांगलं म्हणून आपण ज्या तांब्यातलं पाणी पितो, त्याच तांब्यात दीड महिना मी त्या रोपाला बुडवून ठेवत होते.

त्रिनिदादच्या गोष्टीचा दुसरा धागा पुढच्याच वर्षी घरी आला. नर्सरीतून लाल तुऱ्याचं ग्युझमानिया आणलं होतं. विकणारा म्हणाला, मधल्या पेल्यात पाणी भरून ठेवा. ठेवलं. आठवड्यानं सकाळी पाणी गाळून उरलेलं त्यात ओतायला गेले तर आत वळवळ. डासांच्या अळ्या. आपण पाणी गाळून पितो, गाळण्यावरची जिवाणी परत जपून पाण्यात सोडतो, आणि इथं मीच एक गाळलेल्या पाण्याचा पेला त्रस जीवांना पाळणा म्हणून दिला होता. ओतून टाकावं तर त्या मरणार, ठेवावं तर उद्या घरात डास. ते पाणी मी परसातल्या हौदात सोडलं आणि पुढचा आठवडाभर घरातल्यांची बोलणी खाल्ली. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींना हे विचारलं. त्या म्हणाल्या, जीव पडल्यावर काय करावं याचं उत्तर अवघड आहे. पडूच नये याची काळजी घेणं तुझ्या हातात आहे, त्यालाच यत्नाचार म्हणतात. तेव्हापासून मी पेल्यात पाणी ठेवत नाही. कुंडीतल्या काथ्याला पाणी देते, पेला रोज सकाळी तिरका करून रिकामा करते. ग्युझमानिया तेवढ्यावर उत्तम राहतं.

ब्रोमेलियाडांच्या इतिहासात हा बदल, ओरबाडण्याकडून जपण्याकडे, विसाव्या शतकात आला. फ्लोरिडाचे मलफर्ड फॉस्टर आणि त्यांच्या पत्नी रॅसीन १९३९ आणि १९४० साली ब्राझीलच्या रानांत हिंडले, शास्त्राला ठाऊक नसलेल्या कितीतरी जाती त्यांनी आणल्या. गोळा करणारेच ते, पण त्यांनी बियांपासून आणि संकरातून घरी रोपं वाढवायची वाट दाखवली. १९५० साली अमेरिकेत ब्रोमेलियाडप्रेमींची सोसायटी निघाली, तिचे पहिले अध्यक्ष मलफर्डच होते. ब्राझीलचे उद्यानरचनाकार बर्ले मार्क्स यांना स्वतःच्या देशातली झाडं पहिल्यांदा डोळे भरून दिसली ती तरुणपणी बर्लिनच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरात. घरी परतल्यावर, ज्यांना लोक रानटी म्हणत ती ब्रोमेलियाडं त्यांनी बागांत मानानं लावली.

आणि मार्गारेट मी. ही इंग्रज बाई १९५२ साली ब्राझीलला गेली. चाळिशी ओलांडल्यावर ती ॲमेझॉनच्या रानात नावेनं हिंडू लागली, ती जवळजवळ ऐंशीव्या वर्षापर्यंत. रोप समोर ठेवून रंगवायची. जंगल जळताना पाहिलं तेव्हा तिनं त्याविरुद्ध आवाज उठवला. एका ब्रोमेलियाडला तिचं नाव आहे, निओरेजेलिया मार्गारेटी. चाळिशीनंतर आपलं काय उरलं, असं आपल्या मंडळात कुणी म्हटलं की मी तिची गोष्ट सांगते.

कायदाही आला. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ करार १९७३ साली झाला, भारत त्यात १९७६ मध्ये सामील झाला. ग्वाटेमाला-मेक्सिकोकडचं टिलँडसिया झेरोग्राफिका, रुपेरी पानांचं मोठं वेटोळं, हल्ली लग्नाच्या सजावटीतही दिसतं ते, १९९२ पासून या कराराच्या यादीत आहे. रानातून ते इतकं उपटलं गेलं की ही वेळ आली. आता परदेशी विकायचं तर रोपवाटिकेत वाढवलेलं असल्याचा कागद लागतो. परदेशातून आपल्याकडे कुठलंही रोप आणायचं तर आयातीचा परवाना आणि रोपाच्या आरोग्याचा दाखला लागतो, तसा २००३चा आदेशच आहे. तेव्हा कुणी “पार्सलनं गुपचूप मागवते” म्हणाली तर नको म्हणा. देशातच वाढवलेली रोपं मिळतात.

कुठं आणि कशी घ्यायची, हे आता थोडक्यात. बेंगळुरूच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला पुष्पप्रदर्शनं भरतात, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत. तिथं स्टॉल असतात. गावातल्या नर्सऱ्यांत येणारा बराच माल आंध्रातल्या कडियमहून आणि केरळातून येतो. रोप हातात घेऊन बुडखा दाबून बघा. घट्ट हवा, मऊ लागला, काळा दिसला तर परत ठेवा. मधली पानं हलकेच ओढून बघा, हलता कामा नयेत. शंखात, सागरी प्राण्यांच्या कवचात चिकटवलेलं घेऊ नका. आपल्या दृष्टीनं एक, आणि डिंकात पाणी साठून बुडखा कुजतो हे दुसरं. घरी आणल्यावर उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, एरवी एकदा, वीस-तीस मिनिटं पावसाच्या किंवा साध्या पाण्यात बुडवा. प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या पातेल्यात. तांबं नको, तांब्याची तारसुद्धा नको. काढलं की उलटं धरून झटका आणि वाऱ्यावर चार तासांत सुकू द्या. बोअरचं जड पाणी टाळा. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात तर बुडवायचीही गरज नसते, नुसतं वाऱ्याच्या खिडकीत टांगा.

फुललेलं रोप आणलंत तर एक लक्षात ठेवा. ही झाडं केळीसारखी एकदाच फुलतात. मग हळूहळू म्हातारी होतात, पण बुडाशी मुनवे सोडून जातात. फूल वाळलं म्हणजे झाड मेलं असं समजून फेकू नका. मुनवा आईच्या अर्ध्याएवढा झाला की सोडवता येतो. आम्ही आता मंडळात विकत घेणं जवळजवळ थांबवलं आहे. एकीकडे मुनवे झाले की दुसरीला. माझ्याकडच्या दुसऱ्या एअर प्लांटचे दोन मुनवे शहापूरला गेले, एक वडगावला. दहा जातींचा संग्रह करायची हौस मला सुरुवातीला होती. मिलिकनचा हिशेब वाचल्यापासून ती राहिली नाही. परिग्रहाचं प्रमाण ठरवायचं व्रत आपण दागिन्यांना लावतो, साड्यांना लावतो. झाडांनाही लावायला हरकत काय?

आणि ज्यांना पैसेच घालायचे नाहीत त्यांनी मंडईत जावं. चांगला ताजा, हिरव्या शेंड्याचा अननस घ्यावा. शेंडा पिळून वेगळा करावा, खालची दोन-तीन ओळी पानं काढावीत, चार दिवस सावलीत सुकू द्यावा आणि भुसभुशीत मातीच्या कुंडीत लावावा. दीड-दोन वर्षं धीर धरावा लागतो. फूल येईना तर पोर्तुगीजांची युक्ती करावी. अझोर बेटांवरच्या काचघरांत त्यांना एकोणिसाव्या शतकात कळलं, की धूर केला की अननस लवकर फुलतात. धुरातला एक वायू फुलायला लावतो, आणि तोच वायू पिकलेल्या सफरचंदातून सुटतो. कुंडीवर प्लॅस्टिकची पिशवी घालून आत आठवडाभर एक पिकलं सफरचंद ठेवायचं. पुढं दोन-तीन महिन्यांत तुरा दिसू लागतो.

गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नातले शेंडे मी आचाऱ्याकडून मागून घेतले. तो म्हणाला, “वैनी, कचऱ्याचं काय करणार?” अकरा लावले, आठ जगले. एक सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीशी आहे. त्याला त्या अजून फणसच म्हणतात.